सात नंबरला नवी डिस्क दिसेना

लोकरमावशींना दोन प्रकारच्या माणसांचा मनापासून राग यायचा. एक, "राहू दे हो, कुणाच्या लक्षात येतंय" म्हणणाऱ्यांचा. आणि दुसरा, एक टाका चुकला म्हणून अख्खा स्वेटर उसवून बसणाऱ्यांचा. चूक जिथे झाली तिथपर्यंतच मागे जावं, एकेक ओळ, डोळे उघडे ठेवून. न बघता फराफरा धागा ओढत सुटायचं म्हणजे पायात काटा रुतला म्हणून पायच कापायला निघायचं, असं त्या म्हणत.

ही अक्कल त्यांना कारखान्यात आली. सतराव्या वर्षी त्या होजिअरीच्या कारखान्यात लागल्या, तेव्हा तिथली मुकादमीण विणून बाद ठरलेला माल त्यांच्या पुढ्यात आणून टाकायची आणि म्हणायची, "यातलं काय वाचतंय बघ." मावशी बघायच्या. पहिल्या वर्षी ढिगातलं निम्मं वाचलं, दुसऱ्या वर्षी जवळजवळ सगळं. मुकादमीण कधी शाबासकी देत नसे. फक्त दुसऱ्या दिवशी ढीग आणखी मोठा यायचा. अशी बावीस वर्षं गेली. मग एके दिवशी मालकांचा मुलगा आला, हातात कागद घेऊन स्टुलावर उभा राहिला आणि म्हणाला, "यंत्रं जुनी झाली, आता परवडत नाही." यंत्रांबरोबर माणसंही घरी गेली.

मोठी यंत्रं भंगारात निघाली. कोपऱ्यात एक लहान मशीन होतं, संगणकावर नक्षी टाकली की तशी विणून देणारं. ते मावशींनी मागून घेतलं. त्यांचा नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. त्याने ते ट्रकात घालून घरापर्यंत आणलं. पण ते दारातून आत जाईना. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, शिव्या देऊन पाहिलं. शेवटी खिडकीची चौकट काढली आणि मशीन खिडकीतून घरात आलं. गल्लीतली माणसं रस्त्यावर खुर्च्या टाकून बघत बसली होती.

मशीन आलं, पण त्याला चालवणारा संगणक आला नव्हता. तो आणला नणंदेने. नणंद म्हणजे शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई. लग्न केलेलं नाही, भावाच्याच घरात वरच्या खोलीत राहायच्या, आणि अर्ध्या गल्लीला त्यांनी वर्गात उभं केलेलं असल्यामुळे सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. शाळेने जुने संगणक काढून टाकले तेव्हा बाईंनी रीतसर अर्ज करून त्यातला एक घरी आणला. त्याच्या कपाळावर शाळेची चिठ्ठी होती, सात आकडा लिहिलेली. तेव्हापासून त्याचं नाव सात नंबर. बाई त्याच्याबद्दल बोलायच्याही तशाच, विद्यार्थ्याबद्दल बोलावं तशा. "सात नंबर आज जरा मंद आहे." "सात नंबरला उष्णता सोसत नाही."

दोघींची कामं पहिल्यापासून ठरलेली. बाई चौकटीच्या कागदावर नक्षी काढायच्या आणि संगणकात भरायच्या. मावशी लोकर निवडायच्या, मशीन चालवायच्या, शिवायच्या. नणंद-भावजयीचं इतकं पटतं कसं, असं कुणी विचारलं तर मावशी म्हणायच्या, "वन्संना विणता येत नाही आणि मला गणित येत नाही. भांडायला विषयच नाही." हे काही खरं नव्हतं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, चहा किती उकळायचा, रेडिओ केवढ्याने लावायचा, यावरून दिवसाला एक भांडण ठरलेलं होतं. पण कामावरून नाही.

एके वर्षी त्यांना अग्निशमन केंद्राचं काम मिळालं. बेचाळीस स्वेटर, गडद निळे, छातीवर शिडीचं चिन्ह. बाईंनी शिडी इतकी सुबक काढली होती की केंद्राचे साहेब म्हणाले, "हिच्यावर चढावंसं वाटतंय." अकरा स्वेटर झाले, आणि बाराव्याच्या छातीवर शिडीची तिसरी पायरी विणता विणता मशीन थांबलं.

सकाळचे दहा वाजले होते. मावशींनी आधी धागा पाहिला. तुटला नव्हता. सुया पाहिल्या, ठीक होत्या. मग सात नंबरच्या पोटातून आवाज आला. टक्. टक्. टक्. घर्रर्र. पुन्हा टक्.

"वन्सं!" मावशींनी जिन्याखालून हाक मारली. "तुमचा विद्यार्थी दात वाजवतोय."

बाई चष्मा शोधत खाली आल्या, वाकून कान लावला आणि म्हणाल्या, "हे बरं लक्षण नाही." त्यांनी गल्लीच्या टोकाच्या संगणकवाल्याला फोन लावला. हाही त्यांच्याच हाताखालून गेलेला. आता पस्तिशीचा, दुकानाचा मालक, तोंडाची टकळी अखंड चालू. पण बाईंसमोर आला की आपसूक शर्टाचं वरचं बटण लावायचा. तो आला, ऐकलं, मान हलवली.

"बाई, हार्ड डिस्क चालली. आज आहे, उद्या नाही. डिझाइनं कुठे उतरवून ठेवलीत का?"

"दोन ठिकाणी," बाई म्हणाल्या. "तारीखवार."

"मग झालं की! नवा संगणक घ्या."

"आणि मशीनशी बोलायचा प्रोग्राम?" मावशींनी विचारलं. "तो फक्त याच्यातच आहे. ज्या सीडीवरून घातला ती सीडी गेली, आणि ती काढणारी कंपनी तिच्याआधी गेली."

संगणकवाल्याने डोकं खाजवलं. मग एकच मार्ग होता. जुनी डिस्क श्वास घेतेय तोवर नवी डिस्क शेजारी बसवायची आणि जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवून घ्यायचं. त्याने दुकानातून नवी कोरी डिस्क आणून दिली, एक सपाट केबल दिली आणि वीज जोडायची एक वायर दिली. जुन्या संगणकातले विजेचे प्लग जाड, नव्या डिस्कचं तोंड चपटं. ही मधली वायर दोघांची गाठ घालून द्यायची. "बसवायला सोपी आहे. उद्या सकाळी येतो आणि बसवून, कॉपी करून देतो," म्हणाला आणि गेला.

उद्यापर्यंत थांबतील त्या मावशी कसल्या! एकतीस स्वेटर बाकी होते. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बटणांची वाटी रिकामी करून स्क्रूंसाठी ठेवली आणि सात नंबरला आडवं केलं.

"आधी प्लग काढ," बाई म्हणाल्या.

"काढलाय."

"दाखव."

मावशींनी प्लग उचलून दाखवला. बाईंचं समाधान झालं. झाकण निघालं तसा आत पंधरा वर्षांचा लोकरीचा धुरळा दिसला, निळा, तांबडा, पोपटी, कोपऱ्याकोपऱ्यात कापसासारखा बसलेला. "बिचाऱ्याला आतून स्वेटर घातलाय," मावशी म्हणाल्या आणि ब्रशने हलकेच तो काढायला लागल्या. धुरळा निघाला, नवी डिस्क जुनीच्या खालच्या कप्प्यात बसली, चार स्क्रू लागले. केबलचं एक टोक डिस्कला, दुसरं सात नंबरच्या मुख्य पाटावरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या, मोकळ्या भोकात. वीज जोडली. प्लग लावला. बटण दाबलं.

सात नंबर सुरू झाला. जुन्या डिस्कचं नाव पडद्यावर आलं. नव्या डिस्कच्या जागी लिहिलं होतं: काही नाही.

"नीट बसली नसेल," बाई म्हणाल्या.

"प्लग काढा," मावशी म्हणाल्या, आणि बाईंच्या आधी आपण म्हटल्याचा त्यांना आनंद झाला.

मग जे सुरू झालं ते मावशींच्या जुन्या पद्धतीने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली की बघायचं. आधी केबल काढून पुन्हा दाबून बसवली. काही नाही. केबल दुसऱ्या भोकात लावली. काही नाही. विजेचा दुसरा प्लग घेतला. काही नाही. चालू संगणकात मावशींनी डिस्कवर हळूच तळहात ठेवला, तर आत बारीक घुरघुर होती, झोपलेल्या मांजराच्या पोटावर हात ठेवावा तशी.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "फिरतेय. वीज पोचतेय. म्हणजे दुखणं विजेत नाही."

बाई कागदावर लिहून घेत होत्या. काय केलं, काय झालं; समोर फुली. कागदावर चार फुल्या झाल्यावर त्यांना आठवलं की संगणक सुरू होताना एक कळ दाबली तर सेटिंगचा निळा पडदा उघडतो. तो उघडला. बाईंनी एकेक ओळ वर्गात धडा वाचावा तशी मोठ्याने वाचली, आणि अकराव्या ओळीवर थांबल्या.

"वहिनी! ही मोकळी भोकं बंदच ठेवलीत. शाळेत कधी वापरली नाहीत, तेव्हा कुणीतरी बंद करून टाकली असणार."

"बघा! दाराला आतून कडी आणि आपण बाहेरून ढकलतोय!"

बाईंनी कडी काढली, म्हणजे सेटिंग बदललं, जपून ठेवलं आणि सात नंबरला पुन्हा सुरू केलं. दोघी पडद्यापुढे अशा वाकल्या की डोकी एकमेकींवर आदळली. या वेळी संगणक त्या जागी जरा जास्त वेळ थबकला. कुणाची तरी चाहूल लागावी तसा. आणि मग पुन्हा तेच: काही नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मावशींचा नवरा, कुठल्याशा वाटेवरच्या थांब्यावरून. मागे ट्रकांचे भोंगे.

"काय चाललंय?"

"नवी डिस्क बसवली, तर संगणकाला ती दिसतच नाही."

"दोन थपडा मार. आमचा ट्रकातला रेडिओ तसाच चालतो."

"दादाला सांग, रस्त्याकडे लक्ष दे," बाई मागून म्हणाल्या.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "बरं, जेवून घ्या दोघी. उपाशीपोटी काही दिसत नाही, ना माणसाला ना संगणकाला." आणि फोन ठेवला. सल्ला बरा होता. दोघी जेवल्या.

जेवून मावशींनी डिस्क काढली, रुमालात गुंडाळली आणि संगणकवाल्याच्या दुकानी नेली. त्याने ती आपल्या संगणकाला जोडली मात्र, क्षणात दिसली. ठणठणीत.

"डिस्क बरी आहे," तो म्हणाला. "मावशी, मी सकाळीच सांगणार होतो. तुमच्या संगणकाचं ते भोकच गेलं असणार. जुनं झालं की असंच. किती दिवस ओढायचं त्याला?"

तो वाईट मनाने म्हणाला नव्हता. पण 'जुनं झालं' हे शब्द मावशींनी आधी ऐकले होते, स्टुलावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून. तेव्हा त्या मान खाली घालून घरी आल्या होत्या. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"भोक गेलंय हे तू पाहिलंस?"

"पाहिलं नाही, पण..."

"मग पाहायला काय द्यावं लागेल?"

संगणकवाल्याने कपाटाच्या तळातून एक जुनी वापरलेली डिस्क काढली, आठ-दहा वर्षांपूर्वीची. "ही त्याच जातीची, पण जुनी. चालू आहे. लावून बघा. ही पण दिसली नाही, तर माझं खरं."

मावशी अर्धं चालत, अर्धं पळत घरी आल्या. डिस्क जोडली, त्याच केबलला, त्याच भोकात. बटण दाबलं.

दिसली. पडद्यावर नावासकट, ऐटीत.

बाईंनी कागदावर पहिल्यांदा बरोबरची खूण केली आणि त्याभोवती गोल काढला. मावशी मात्र खुर्चीत बसून राहिल्या. भोक बरं, केबल बरी, डिस्क बरी. "वन्सं, दोन्हीकडची माणसं चांगली, तरी लग्न जमत नाही. असं कुठे असतं?"

"सगळीकडे असतं," बाई म्हणाल्या. "कारण शोधायचं ते दोघांपैकी एकात नाही, दोघांच्या मध्ये."

आणि त्या वरच्या खोलीत गेल्या. बाईंनी आयुष्यात कुठलीही पुस्तिका फेकली नव्हती. सात नंबरबरोबर शाळेतून आलेली पुस्तिकाही त्यांच्या फायलीत होती, खाकी कव्हर घातलेली. संध्याकाळ होईपर्यंत त्या ती वाचत बसल्या. मावशींनी चहा नेऊन ठेवला, तो निवला. एरवी निवलेल्या चहावरून भांडण झालं असतं, आज बाईंनी तो तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकवाला आला तो मनाची तयारी करून. सात नंबरची समजूत घालून त्याला निवृत्त करायचं, असा त्याचा बेत होता. पण टेबलाशी बाई हातात पट्टी घेऊन बसल्या होत्या. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"बस," बाई म्हणाल्या. "पुस्तिकेत या भोकाचा वेग किती लिहिलाय, वाच."

"दीड गिगाबिट, सेकंदाला."

"आणि नव्या डिस्कच्या चिठ्ठीवर?"

"सहा. पण बाई, त्याने फरक पडत नाही. नवी डिस्क समोरचा हळू आहे हे ओळखते आणि आपला वेग आपोआप कमी करते."

"वर्गात चाळीस मुलं असतात. सगळी आपोआप शांत बसतात?"

संगणकवाला हसला. मग हसता हसता थांबला. "काही फार जुन्या पाटांना ते जमायचं नाही," तो हळूहळू म्हणाला. "डिस्क विचारते, 'सहाने बोलू का?' आणि पाटाला प्रश्नच कळत नाही. कालची जुनी डिस्क मुळात हळू, म्हणून ती दिसली. ऐकलंय मी हे. पण कधी पाहिलं नाही."

"आज पाहा. आणि हे काय आहे ते सांग." बाईंनी भिंग डिस्कच्या चिठ्ठीवर धरलं. कोपऱ्यात नखाएवढं एक चित्र होतं: दोन ओळींत आठ ठिपके, त्यातल्या दोन ठिपक्यांवर एक चौकोन, आणि शेजारी आकडा, दीड. मावशींनी डिस्क उलटी करून मागची कड पाहिली. केबल लावायच्या जागेच्या बाजूला खरोखरच आठ बारीक पिना होत्या, चार वर, चार खाली.

"टोपी!" संगणकवाला ओरडला. "जम्पर! या दोन पिनांवर प्लास्टिकची बारकी टोपी घालायची. आत धातू असतो, तो दोन्ही पिना जोडतो, आणि मग डिस्क पहिल्यापासून दीडनेच बोलते. बाई, मी हे विसरलोच होतो!"

"तू बरंच विसरायचास," बाई म्हणाल्या, पण मायेने.

आता टोपी हवी. संगणकवाल्याच्या पिशवीत एक होती, ती ढगळ निघाली. तान्ह्या बाळाला आजोबांची टोपी घालावी तशी. मग तिघं मिळून दुकानात गेले. मागच्या गॅलरीत मेलेल्या डिस्कांचं एक खोकं होतं. मावशी खोक्यापुढे मांडी घालून बसल्या आणि बटणं निवडावीत तशा एकेक डिस्क उलटी करून बघत गेल्या. ही मोठी. ही तुटकी. हिला नाहीच. तेविसाव्या डिस्कला एक पांढरी टोपी होती, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. मावशींनी ती केसातल्या पिनेने उचकटली, तळहातावर घेतली आणि मूठ मिटली. घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही, गल्लीत कुणी तरी "काय मावशी, कुठे निघालात?" विचारलं तर नुसती मान हलवली.

टोपी बसवायला संगणकवाल्याने चिमटा काढला. दोनदा टोपी पडली. तिसऱ्यांदा ती वर्तमानपत्राच्या घडीत जाऊन बसली आणि तिघांनी वाकून ती शोधून काढली.

"सरक," मावशी म्हणाल्या. त्यांनी क्रोशाची सर्वांत बारीक सुई घेतली, टोपीची कड सुईच्या आकड्यात धरली, डिस्क उजेडाकडे तिरपी केली. बाईंनी भिंग धरलं. "पाचवी आणि सहावी," बाई म्हणाल्या, "चित्रातल्यासारखी." मावशींनी सुई पुढे नेली, बोटाने अलगद दाबलं. टिक् असा एवढासा आवाज झाला. झालं.

प्लग तपासून झाला. तिघंही पडद्यापुढे उभे राहिले. सात नंबरने जुन्या डिस्कचं नाव लिहिलं. क्षणभर थांबला. आणि त्याखाली, पांढऱ्या अक्षरांत, नव्या डिस्कचं नाव उमटलं.

मावशींनी बाईंचा हात धरला. बाईंनी तो तसाच राहू दिला. "हजर," त्या म्हणाल्या.

पण संगणक पूर्ण सुरू झाल्यावर मावशींनी यादी उघडून पाहिली, तर तिथे फक्त जुनीच डिस्क. नवी पुन्हा गायब! मावशींनी पडद्यावर बोट आपटलं. "अगं बाई, आत्ता तर होती!"

"आहे, मावशी, आहे," संगणकवाला घाईघाईने म्हणाला. "कोरी आहे ना! तिच्यावर अजून घरं आखलेली नाहीत."

"म्हणजे हजेरी लागली, पण बसायला बाक दिला नाही," बाई म्हणाल्या.

"अगदी तसंच, बाई!" आणि त्याने बाक द्यायचं काम सुरू केलं. मग जुनीतलं सगळं नवीत उतरवायला लावलं. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकू लागली. जुनी डिस्क मधेच टक् टक् करायची, की तिघं गप्प व्हायचे; ती पुन्हा चालू लागली की पुन्हा बोलायचे. संगणकवाला सर्वांत जास्त बोलला. त्याचं लग्नाचं बोलून झालं, दुकानाचं बोलून झालं, पाठदुखीचं बोलून झालं, आणि तिसऱ्या चहाच्या वेळी पट्टी पूर्ण भरली.

जुनी डिस्क काढली. नव्या डिस्कवर सात नंबर सुरू झाला, आणि आधी जेवढा वेळ लावायचा त्याच्या निम्म्यात. खात्री करायला संगणकवाल्याने डिझाइनांचं फोल्डर उघडलं. नावांची रांगच्या रांग पडद्यावर आली. बाईंना गिऱ्हाइकांची नावं लक्षात राहत नसत, म्हणून त्या फायलींना सुचेल ते नाव देत. 'नाकावर राग'. 'दोन हनुवट्या'. 'घाईतली सून'. 'मान नाहीच'. संगणकवाला खो खो हसत वाचत होता. मग तो थांबला.

"हा 'बडबड्या' कोण?"

मावशी स्क्रूंची वाटी बारकाईने न्याहाळू लागल्या.

"बाई, यात बदामी रंग आणि कोपरापाशी दोन पट्ट्या आहेत. हा तर माझा स्वेटर!"

"खाली काय लिहिलंय, तेही वाच," बाई म्हणाल्या.

त्याने वाचलं: 'उजवी बाही अर्धा इंच लांब ठेवावी. हात नेहमी पुढे, मदतीला.' त्याचे कान लाल झाले. पुढची पाच मिनिटं तो एक अक्षर बोलला नाही, आणि मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून बाईंना ती मोजायला सांगितली.

दुपारी मशीन सुरू झालं. बाराव्या स्वेटरची अर्धी राहिलेली ओळ मावशींनी सोडवून घेतली आणि शिडीची तिसरी पायरी पुन्हा विणायला लावली. मशीनचा गाडा डावीकडून उजवीकडे गेला, उजवीकडून डावीकडे आला, आणि पायरी सरळ आली. मावशी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी रेडिओ हवा तेवढा मोठ्याने लावला आणि बाईंनी काही म्हटलं नाही.

पुढचे दहा दिवस घरात निळ्या लोकरीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. संगणकवाला संध्याकाळी दुकान बंद केल्यावर येऊन डिस्क कशी आहे ते बघून जायचा, आणि बघायला काही नसलं तरी बसायचा. मधे एकदा त्याने एका गिऱ्हाइकाला पाठवलं, दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली मदतनीस. तिच्या दवाखान्यातल्या जुन्या संगणकालाही नवी डिस्क दिसत नव्हती. मावशींनी तिला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "आधी सांग, फिरतेय का? हात लावून पाहिलंस?" तिने पाहिलं नव्हतं. "मग जाऊन पाहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. कागदावर लिहून ठेव. तेवढ्याने झालं नाही तर ये, वन्सं पुस्तिका वाचतील."

बेचाळिसावा स्वेटर मुदतीच्या एक दिवस आधी झाला. मावशींनी केंद्रावर फोन करून सांगितलं, घेऊन जा. साहेब म्हणाले, पाठवतो माणसं. त्यांची जीप त्या दिवशी दुरुस्तीला गेली होती, हे मावशींना काय माहीत! सकाळी साडेदहाला गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजली आणि आगीचा लालभडक बंब आत शिरला. गल्लीतली दारं धडाधड उघडली. कुणी बादली घेऊन आलं, कुणी घोंगडी. समोरच्या आजोबांनी कुंडीला पाणी घालायचा पाइपच रस्त्यावर आणला. संगणकवाला दुकानातून धापा टाकत पळत आला.

"मावशी! कुठे लागली? सात नंबर सुखरूप आहे ना?"

"अरे, कुठे काही लागलेलं नाही! स्वेटर न्यायला आलेत!"

आजोबांनी पाइप खाली ठेवला, जरा नाराजीनेच. बंबावरचे चौघे जवान खाली उतरले, आणि बाईंनी दारातच एकेकाच्या मापाची चिठ्ठी तपासून स्वेटर हातात दिला. तिघांचे झटक्यात बसले. चौथा सहा फुटांच्या वर होता. त्याने बाह्या खाली ओढून पाहिल्या, मनगटं झाकली गेली, आणि तो मावशींकडे बघून लहान मुलासारखा हसला. बाकीचे अडतीस गठ्ठे करून बंबात चढले, पाण्याच्या नळ्यांच्या शेजारी.

"शिडी झकास झालीय," चालक म्हणाला. "आमच्या खऱ्या शिडीपेक्षा सरळ."

बंब गल्लीतून उलटा बाहेर काढायला पंधरा मिनिटं लागली. सगळी गल्ली हात हलवून "येऊ दे, येऊ दे" म्हणत होती, त्यामुळे तो दोनदा भिंतीला लागता लागता राहिला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर चालकाने उगीचच एकदा घंटा वाजवली.

बाई आत वळल्या. "वहिनी, चहा टाकतेस का? आणि या वेळी नीट उकळ."

"नीट म्हणजे तुमच्यासारखा काढा करायचा नाही," मावशी म्हणाल्या, आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.